खळ लावलेली पाटी

पाटी भरायला मला कधीच त्रास झाला नाही. त्रास होता तो भरलेली पाटी शाळेपर्यंत न्यायचा.

हे आज कुणाला सांगितलं तर पटत नाही. परवा सुनेला सांगत होते, तर ती म्हणाली, "आई, नुसती पाटी तर न्यायची, त्यात काय एवढं?" म्हटलं, बाई गं, दोन्ही बाजूंनी पेन्सिलीनं गच्च लिहिलेली दगडी पाटी एका हातात धर, दुसऱ्या हातात चार वर्षांची पोर धर, आणि सकाळच्या वेळी माझ्या माहेरच्या निजामपुऱ्यातल्या गल्लीतून चालून दाखव. मग बोल. ती हसली आणि पोळ्या लाटायला लागली. हसणारच. तिच्या मुलाचा गृहपाठ वहीत असतो, वही दप्तरात असते आणि दप्तर गाडीत असतं.

आमची शाळा खाजगी होती. सत्तर सालानंतरची पहिली काही वर्षं धरा. नगरपालिकेची शाळा घरासमोरच होती, तिथे फुकट शिकता येत असताना वडिलांनी मला गल्लीबाहेरच्या फीवाल्या शाळेत घातलं. भाड्याच्या तीन खोल्या आणि पुढे ओटा, एवढीच ती शाळा. पण फी होती म्हणून गणवेश होता, प्रार्थना होती, आणि सगळ्यात मुख्य म्हणजे गृहपाठ होता. पहिलीच्या पोरांनी रोज पाटीच्या दोन्ही बाजू भरून आणायच्या. एका बाजूला शब्द, दुसऱ्या बाजूला अंक. रेघ मोकळी सोडायची नाही, आणि अक्षर मोठं काढून जागा खायची नाही. तेवढी अक्कल सगळ्यांनाच असते, म्हणून तसा नियमच करून टाकला होता.

वडील कोर्टात कारकून. त्यांना माझ्या भरलेल्या पाटीचा कोण अभिमान. कुणी घरी आलं की म्हणायचे, "दाखव गं पाटी." आलेला माणूस पाटी उलटीपालटी करून म्हणायचा, "वा, शाळा चांगली दिसते." माझं अक्षर चांगलं आहे असं एकही जण म्हणाला नाही. शाळा चांगली. मला इतका राग यायचा की पुढच्या रेघेत पेन्सिल मुद्दाम कर्रकर्र वाजवायची. आईच्या अंगावर शहारा यायचा, पण वडिलांना ऐकू जायचं नाही. दोन्ही बाजूंना कापड विणणाऱ्या लूमचे कारखाने, त्या खटखटीत पेन्सिलीचं काय घेऊन बसलात.

रोज संध्याकाळी मी ओट्यावर पाटी घेऊन बसलेली आणि समोरच्या शाळेतली पोरं माझ्या डोळ्यांसमोर लगोरी मांडतायत. त्यांना गृहपाठ नव्हता. त्यांचे आईबाप फी देत नव्हते ना, मग त्यांना पोरांनी संध्याकाळी काही करून दाखवायची गरज वाटत नव्हती. शुक्रवारी लूम बंद असायचे, हातगाड्या नसायच्या, सगळी गल्ली खेळायला मोकळी. आणि मी आपली गवत, छत, नळ लिहितेय. सहा वर्षांच्या माणसानं किती सोसावं याला काही सुमार?

तरी लिहायचे मी. नेटानं लिहायचे. रात्री आई पाटी फडताळावर उभी ठेवायची, कुणाचा हात लागू नये म्हणून. सकाळी ती माझ्या हातात देताना जणू काठोकाठ भरलेलं दुधाचं पातेलं देतेय असा तिचा चेहरा असायचा. "सांभाळून. आणि धाकटीचा हात सोडू नकोस."

धाकटी म्हणजे माझी बहीण. ती त्याच शाळेत बालवर्गात जायची. बालवर्ग म्हणजे शाळेची शेवटची खोली. तिथे जमिनीवर सतरंजी, त्यावर बसून नाक ओढणारी, डबा सांडणारी आणि चड्डी ओली करणारी पोरं. पहिलीच्या मुलांना बसायला बाक होते. या दोन खोल्यांमध्ये एकच भिंत होती, पण आमच्या लेखी तो काश्मीर आणि कन्याकुमारीइतका फरक होता.

तर मी निघायचे. समोरून हातगाडी यायची, तिच्यावर कापडाचे तागे रचलेले, गाडीवाला "बाजू, बाजू" ओरडतोय. भिंतीला चिकटून उभं राहावं तर भिंतीवर कारखान्यातून उडालेला कापूस. धाकटी मध्येच पाय दुखले म्हणून खाली बसणार, मध्येच शेळी बघायला थांबणार, आणि उरलेला वेळ माझ्या अंगाला चिकटून चालणार. शाळेत पोचून बाईंसमोर पाटी ठेवावी तर निम्मी अक्षरं गेलेली. गवतामधलं ग उरलंय, नळ पार आटलाय.

बाई म्हणायच्या, "लिहिलं नाहीस?"

"लिहिलं होतं."

"मग गेलं कुठे?"

"वाटेत पुसलं," मी सांगायचे. रोज एकच गोष्ट सांगितली की खरी गोष्टसुद्धा थाप वाटायला लागते. बाकीच्यांच्या पाट्याही पुसायच्या, नाही असं नाही. पण कुणाचं थोडं, कुणाचं आज गेलं तर उद्या नाही. माझी रोज आणि नेमकी मधोमध. शेवटी बाईंनी मला मोठ्या बाईंसमोर उभं केलं.

मोठ्या बाई म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका. शाळा त्यांनीच काढलेली. आडव्या बांध्याच्या, जाड चष्म्याच्या, आणि हातात बारा महिने छत्री. ती उघडलेली मी कधी पाहिली नाही. त्यांनी माझ्या पाटीकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाल्या, "गृहपाठ झेपत नसेल तर सोमवारपासून बालवर्गात बसायचं."

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. शांतपणे बोललेलं खरं असतं, हे मला तेव्हासुद्धा कळत होतं. सोमवारपासून मी सतरंजीवर बसणार, धाकट्या बहिणीच्या शेजारी. माझ्या बाकावरची मुलं दारातून जाताना बघणार. समोरच्या शाळेतल्या लगोरीवाल्यांना कळायला कितीसा वेळ लागणार? 

घरी जाताना मी हे धाकटीला सांगितलं, कारण सांगायला दुसरं कुणी नव्हतं. ती टाळ्या पिटायला लागली. "माझ्या शेजारी बस. मी जागा ठेवीन." मी तिला असा एक चिमटा काढला की घर येईपर्यंत ती भोकाड पसरून होती.

आईनं ऐकलं आणि कपाळाला हात लावला. वडिलांना सांगायची सोय नव्हती. त्यांनी माझीच उलटतपासणी घेतली असती. तेवढ्यात काका घरी आला. काका म्हणजे वडिलांचा धाकटा भाऊ, आमच्यातच राहायचा आणि सायझिंगमध्ये कामाला होता. लूमवर चढवण्याआधी सुताला खळ लावून कडक करतात, ते सायझिंग. जगातला कुठलाही प्रश्न आपल्याला सुटतो अशी त्याची खात्री होती. आई त्याला मागे उंटावरचा शहाणा म्हणायची आणि पुढे भाऊजी म्हणायची.

"एवढंच ना, वहिनी?" तो म्हणाला. "अहो, तुटणारं सूत आम्ही तारेसारखं करतो. अक्षर काय चीज आहे? उद्या ड्युटीवरून येताना खळ आणतो."

"पाटीला खळ लावणार?" आई म्हणाली.

"एकदम पक्कं काम. घासून जाणार नाही."

आईला नाही म्हणवेना. सोमवार जवळ आला होता, आणि बुडत्याला काडीचा आधार. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी लगोरीकडे ढुंकूनही न बघता पाटीच्या दोन्ही बाजू भरल्या, इतक्या सुबक की माझं मलाच कौतुक वाटलं. काका झाकणाच्या डब्यातून कोमट, पातळ खळ घेऊन आला. त्यानं पाटी मोरीत तिरकी धरली आणि वरून हळूच खळ सोडली.

माझी सगळी अक्षरं नाहीशी झाली.

काळीभोर ओली पाटी. मी जी किंकाळी फोडली ती दोन्ही कारखान्यांच्या वरताण होती. आई म्हणाली, "भाऊजी, काय केलंत हे." काका मात्र थंड. "थांबा जरा. सुकू द्या." त्यानं दुसऱ्या बाजूवरही खळ सोडली आणि पाटी खिडकीत उभी केली. आम्ही तिघं तिच्यासमोर बसलो. धाकटीही येऊन बसली. हळूहळू एका कोपऱ्यातून पांढरं काहीतरी दिसायला लागलं. मग ग. मग व. मग आख्खं गवत उगवून आलं. काकानं माझा हात धरून अक्षरांवरून बोट फिरवलं. एक कण हलला नाही. मी हुश्श केलं. काकाच्या गळ्यात पडले. आईनं त्या दिवशी त्याला जास्तीची भाकरी वाढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी राणीसारखी चालत होते. हातगाडी आली, येऊ दे. कापूस उडाला, उडू दे. वाटेत धाकटीनं कोपरानं पाटी घासली, मग वाकून पाटीकडे पाहिलं आणि पुन्हा जोरात घासली. मला वाटलं, काकाचं काम तपासून बघतेय. "बघ, जात नाही," मी ऐटीत म्हटलं.  शाळा येईपर्यंत तिचं तोंड फुगलेलंच होतं.

बाईंनी पाटी पाहिली. उलटी करून पाहिली. "शाब्बास," त्या म्हणाल्या, आणि सगळ्या वर्गाला ती उचलून दाखवली. माझा जीव भांड्यात पडला. पण तो काही तिथे फार वेळ राहिला नाही.

"चला, आता सगळ्यांनी पाट्या पुसा आणि फळ्यावरचं उतरवा."

मी ओल्या फडक्यानं पाटी पुसली. अक्षरं ओली झाली, दिसेनाशी झाली, सुकली, परत आली. जोर लावून पुसलं. थुंकी लावली. फ्रॉकचा घोळ लावला. गवत, छत, नळ जिथल्या तिथे. काकाच्या खळीत नुसतं पीठ नव्हतं. मेण होतं, आणखी काय काय होतं, ते आम्हाला नंतर कळलं. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. शेजारचा मुलगा बाईंना म्हणाला, "बाई, ही पुसतच नाही." बाईंना वाटलं मी आगाऊपणा करतेय. त्यांनी स्वतः पुसून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि मला पाटीसकट मोठ्या बाईंकडे धाडलं.

मोठ्या बाईंनीही पुसली. छत्री बाजूला ठेवून, दोन्ही हातांनी. मी समोर उभी. मला एकच दिसत होतं, ती शेवटची खोली आणि तिथली सतरंजी. त्यांनी शिपायाला माझ्या घरी पिटाळलं. आमचे शिपाईमामा जवळच्या दिघाशी गावचे. त्यांनी दारात उभं राहून आईला जो निरोप दिला तो आमच्या घरात पुढे कितीतरी वर्षं चालला. "चला जी लवकर. पोर रडत न्हाय, पन पाटी पुसतंय नि पुसतंय."

आई तशीच आली. हाताला पीठ होतं. तिनं मला पाहिलं, पाटी पाहिली आणि तिला सगळं कळलं. तिनं आधी खळीची गोष्ट सरळ सांगून टाकली, दिराचं नाव पुढे न करता, जसं काही ती कल्पना तिचीच. मोठ्या बाई ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "अहो, पण हे असलं कशासाठी करायचं?"

आता माझी आई तशी गरीब गाय. वडिलांसमोर आवाज चढवायची नाही. पण त्या दिवशी तिला काय झालं कोण जाणे.

"कशासाठी म्हणजे?" ती म्हणाली. "पोर रोज दिवेलागणीपर्यंत लिहीत बसते. समोर पोरं खेळतात आणि ही मान वर करत नाही. मी डोळ्यांनी बघते ना. सकाळी भरलेली पाटी मी हातात देते आणि इथे तुम्ही म्हणता लिहिलंच नाही. म्हणून बालवर्गात बसवणार. मग आम्ही काय करायचं? सांगा ना, इतकं लिहायचं असतं कशाला?"

 त्यावर मोठ्या बाई जे बोलल्या ते मी विसरलेले नाही. "खरं सांगू? मला स्वतःला त्याची हौस नाही. पण पालक येऊन विचारतात, फी घेता मग शिकवता काय? पाटी भरलेली दिसली की त्यांचं समाधान होतं."

"म्हणजे दाखवायला?"

"हो. बरंचसं दाखवायलाच."

आईनं टेबलावरची पाटी उचलली आणि त्यांच्यापुढे ठेवली. "मग ही घ्या. ही कायमची भरलीय. आता हीच रोज दाखवते आमच्या ह्यांना. आणि तिला खेळायला सोडते."

मला वाटलं, आता संपलं. आता सतरंजी नाही, आता थेट घरी. मोठ्या बाईंनी पाटीकडे पाहिलं, आईच्या पिठाच्या हातांकडे पाहिलं, आणि त्यांच्या पोटातून काहीतरी हलायला लागलं. त्या हसत होत्या. मी त्यांना तोवर कधी हसताना पाहिलं नव्हतं, त्यामुळे त्यांना काही होतंय की काय असं मला वाटलं. डोळे पुसायला त्यांना चष्मा काढावा लागला.

मग त्यांनी मला जवळ बोलावलं. "पाटी राहू दे. तोंडानं सांग." त्यांनी अंक विचारले, शब्द विचारले, खडू देऊन फळ्यावर लिहायला लावलं. मी लिहिलं. सगळं लिहिलं. रोज एवढं घोटल्यावर न येऊन सांगतंय कुणाला?

"जा बाकावर," त्या म्हणाल्या. "बालवर्गात नाही बसायचं."

छातीवर ठेवलेला वरवंटा कुणीतरी उचलावा तसं मला झालं. तेव्हा कुठे मला रडू आलं, आणि चांगलं मोठ्यानं आलं.

पुढच्या आठवड्यापासून पहिलीच्या पाट्या शाळेतच राहायला लागल्या. गृहपाठ एवढाच, की आज काय शिकलो ते घरी कुणाला तरी सांगायचं. पालकांनी कुरकुर केली. माझ्या वडिलांनीही केली. "मग फी कसली घेतात?" आई म्हणाली, "ती तुम्हाला सांगेल ते ऐकायची." रोज ऑफिसातून आल्यावर त्यांना ते ऐकावंच लागलं. आधी पेपर वाचता वाचता ऐकायचे, मग पेपर खाली ठेवून ऐकायला लागले. एका गृहस्थांनी पोराला शाळेतून काढलं, बाकीचे आठ दिवस बोलले आणि विसरले. मोठ्या बाई छत्री घेऊन दारात उभ्या राहायच्या आणि सगळ्यांना एकच उत्तर द्यायच्या, "पोर पहिलीत आहे, वकिलीला बसलेलं नाही."

ती पाटी खरं तर गरम पाण्यानं, चिंचेनं, राखेनं घासून पाहिली. फिकी झाली, पण पुरती गेली नाही. आई तिनं पिठाचा डबा झाकायची.

पण मला सांगायचं आहे ते त्याच दिवशी शाळा सुटल्यावरचं. आई पाटी घेऊन पुढे निघून गेली होती. मी आणि धाकटी चाललो होतो. कितीतरी दिवसांनी माझ्या हातात पाटी नव्हती, आणि तो मोकळा हात मला इतका हलका वाटत होता की मी तो उगाच हलवत होते. मी धाकटीला सगळं सांगितलं. मोठ्या बाई हसल्या, मी बाकावरच बसणार, सोमवारी काही होणार नाही. मला वाटलं तिलाही आनंद होईल.

ती चालता चालता थांबली. खालचा ओठ बाहेर आला. "मी जागा ठेवली होती," ती म्हणाली. "कुणाला बसू दिलं नाही."

"अगं, पण मला नव्हतं यायचं तिथे."

"म्हणून तर मी पुसायची," ती म्हणाली. "आमच्या बाई म्हणतात, पाटी पुसलेली असली की पहिलीतल्यांना आमच्यात बसवतात. रोज पुसायची. आज पुसेचना."

 अंगाला चिकटून चालणं, ते कोपर, शेळी बघायला थांबणं, सगळं एका क्षणात माझ्या ध्यानात आलं. माझा हात वर गेला. धपाटा घालायचाच होता. एवढे दिवस मी बोलणी खाल्ली, आईनं कपाळाला हात लावला, काकानं खळ ओतली, ते हिच्यापायी. पण ती मार चुकवायला मागेही सरली नाही. नुसती उभी राहून म्हणाली, "तिथे माझं कुणी नाहीय."

हात वरच राहिला. मग तिचं नाक वाहत होतं ते पुसायला मी तो खाली आणला.

सोमवारी मधल्या सुट्टीची घंटा झाली. मी बाकावरून उठले, डबा घेतला आणि शेवटच्या खोलीत गेले. माझ्या वर्गातली मुलं दारातून बघत होती. बघू देत. धाकटीनं सतरंजीवर शेजारी हात ठेवून जागा धरली होती, मी येणार हे तिला कुणी सांगितलं नव्हतं तरी. मी तिथे बसले आणि डबा उघडला.